पांझरेचे फड आणि गावच्या जमिनीचा वापर

मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटर लांबीच्या नव्या रेल्वेमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. मालेगाव, धुळे व शिरपूर या बाजूने जाणाऱ्या या मार्गाचा अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये धरण्यात आला आहे. धुळे जिल्हा या मार्गाची वाट कित्येक वर्षे पाहत होता, त्यामुळे मंजुरीचे सर्वत्र स्वागत झाले. तथापि ज्या गावांच्या शिवारातून रुळांची आखणी जाते तेथील बोलणे काहीसे निराळे असते. कोणाचा गट जाणार, विहीर कोणत्या बाजूस राहणार, पाटाचे पाणी रुळांच्या पलीकडे कसे न्यावयाचे आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत औत कसे वळवावयाचे, हे प्रश्न चावडीवर बसलेला प्रत्येक जण विचारतो.

रेल्वे ही एकच मागणी नव्हे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर व सोलापूरकडे जाणारा, असे तीन महामार्ग धुळ्यास एकत्र येतात. नरडाणा येथे औद्योगिक क्षेत्र आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्याच तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली मोठा सौर वीज प्रकल्प सुरू झाला. जळगाव व धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ साली महानगरपालिका झाल्या व त्यांच्या कडेच्या गावांतून शेतांचे भूखंड पडू लागले. या सर्वांस जमीन लागते. गावात घर नसलेल्या कुटुंबासही जमीन लागतेच. खानदेशात या मागण्यांना योग्य जागा कोणती आणि ती कोणी ठरवावी, याविषयीचा वाद आता प्रत्येक ग्रामसभेच्या दाराशी येऊन पोहोचला आहे.

या वादात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. रस्ते, रूळ व शहरे नेहमी सपाट खोऱ्यांतून जातात. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या मार्गाने जळगावास येणारा लोहमार्ग तापी खोऱ्यातूनच येतो. खानदेशात सपाट खोरे म्हणजे खोल काळी जमीन. म्हणून वाहतुकीच्या मागोमाग येणारी वखारी, गिरण्या व वसाहती प्रथम उत्तम जमिनीवर बसतात, आणि मुरमाड, उथळ माळ मात्र नांगराखाली राहतो. जमिनीच्या उपयोगक्षमतेचे जे आठ वर्ग मृदसंधारण खाते करते, त्यांतील पहिले चार लागवडीस व पुढील चार गवत, झाडे किंवा इतर उपयोगास योग्य मानले जातात. प्रत्यक्षात बांधकामाचा क्रम याच्या अगदी उलट लागतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. प्रत्येक जण आपल्या गटापुरता विचार करतो, आणि संपूर्ण शिवाराचा विचार करण्याचे काम कोणाकडेच उरत नाही.

फडाची रीत

हे काम एके काळी याच जिल्ह्यातील गावे करीत होती. पांझरा, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीपासून जी फड पद्धती चालत आली, ती सिंचनाची पद्धत म्हणून प्रसिद्ध आहे. वस्तुतः ती जमिनीच्या वापराची योजनाही होती, आणि ती गावाने स्वतः केलेली होती.

नदीच्या पात्रात दगडी बंधारा घालावयाचा व त्याच्या एका बाजूने कालवा काढावयाचा. हे कालवे दोन ते बारा किलोमीटर लांबीचे असत. कालव्यातून चाऱ्या व चाऱ्यांतून शेतोशेत जाणारे सारंग निघत. जादा पाणी सांडमांवाटे बाहेर पडे. भिजणारे क्षेत्र कालवा व नदी यांच्या मधल्या पट्ट्यात असल्यामुळे झिरपलेले पाणी पुन्हा नदीस मिळे आणि खालच्या गावच्या बंधाऱ्यावर परत अडविले जाई. वरच्या गावाने पाणी वापरले तरी खालचे गाव सर्वस्वी कोरडे पडत नसे.

या कायम बागायतीचे सामान्यतः चार भाग करीत. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. फडाचे क्षेत्र दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत असे. सरासरी शंभर ते सव्वाशे हेक्टर धरण्यास हरकत नाही. दरवर्षी नदीचे पाणी पाहून कोणता फड भिजवावयाचा व कोणता पडीक ठेवावयाचा हे गाव ठरवी. एका फडात एकच पीक, हा मुख्य नियम. एका किंवा दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके, आणि पुढे त्यांची फेरपालट. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे एक फड कोरडा ठेवला तरी त्याचा भार एकट्यादुकट्यावर पडत नसे. जमिनीचे तुकडे असणे हा दोष समजला जातो व १९४७ साली मुंबई राज्यात तुकडेबंदीचा कायदाही त्याच कारणाने झाला. येथे मात्र त्या विखुरलेल्या तुकड्यांमुळेच टंचाईची वाटणी सारखी होत होती.

एक फड एक पीक या नियमामागील व्यवहारज्ञान ध्यानात घेण्यासारखे आहे. सारख्या पिकास सारख्या वेळी पाणी लागते. त्यामुळे चारीस एकदा पाणी सोडले की सलग क्षेत्र भिजून होते व मधल्या कोरड्या शेतांतून वाहताना पाणी मुरून जात नाही. उसाच्या शेजारी बाजरी असली तर उसाचा पाझर बाजरीस मारतो. सलग उसात तो प्रश्न उद्भवत नाही. राखणही सोपी होते. फड पाळीपाळीने पडीक राहिल्यामुळे जमीन चिबड व खारवट होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. ज्या कालव्यांवर असे बंधन नव्हते तेथे काही वर्षांतच कोणत्या अडचणी उभ्या राहिल्या, हे दख्खनच्या मोठ्या कालव्यांचा इतिहास पाहिल्यास कळून येते. त्या कालव्यांसाठी ऊस व हंगामी पिके यांचे प्रमाण बांधून देणारी ब्लॉक पद्धत ज्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आखली, ते १८८४ साली नोकरीच्या आरंभी खानदेशातच होते, आणि पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे होते.

फडाचा कारभार पंच पाहत. पाणी वाटणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेख ठेवणारा हवालदार व पिकाची राखण करणारा जागल्या, हे सर्व शेतकऱ्यांनीच नेमलेले असत व त्यांचा मेहनताना भिजलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात सर्वांकडून मिळे. पाटकऱ्याने दिलेल्या पाण्यापेक्षा जास्त घेण्याची मुभा पाटलासही नसे, असे म्हणतात. सर्वच ठिकाणी ते अक्षरशः पाळले गेले असेल असे मानण्याचे कारण नाही. गावातील उच्चनीचता फडातही होतीच, आणि ज्यास फडात जमीन नव्हती त्यास त्या सभेत आवाजही नव्हता. ही उणीव झाकून फडाचे गोडवे गाणे योग्य होणार नाही.

फड का ढासळले

पिंपळनेर, सामोडे या बाजूस फडांच्या खुणा व काही ठिकाणी चालू वहिवाट अद्याप आढळते. परंतु पुष्कळ गावांत फड हा शब्द केवळ जमिनीचे नाव म्हणून उरला आहे. नदीच्या वरच्या अंगास धरणे झाल्यावर प्रवाहाचे वेळापत्रक बदलले. पुरांनी फुटलेले बंधारे वेळेवर दुरुस्त झाले नाहीत. विजेचे पंप आल्यावर ज्याच्या विहिरीस पाणी होते त्यास गावाच्या संमतीची गरज वाटेनाशी झाली. तो आपल्या गटात हवे ते पीक घेऊ लागला. एका फडात चार पिके आली, पाटकऱ्याच्या पाळ्या जुळेनात, मग वर्गणी थांबली, आणि वर्गणी थांबल्यावर चारी कोण साफ करणार?

विहीरवाल्या शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्यास बाजार दिसत होता, घरची गरज दिसत होती; सामुदायिक बंधनात राहून तो वर्षानुवर्षे एकच पीक काढीत बसला असता तर आज त्याला कोणी शहाणा म्हटले नसते. परंतु त्या स्वातंत्र्याची किंमत चारीच्या शेपटास असलेल्या शेतकऱ्याने दिली. आज महामार्गालगतचा गट विकणाऱ्याची स्थिती तशीच आहे. दोन हंगाम कोरडे गेलेले असतात, दवाखान्याचे देणे असते, मुलाच्या शिक्षणाची फी असते. भूखंडाचा एक तुकडा देऊन तो मोकळा होतो. त्यास दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मात्र त्या भूखंडाच्या कुंपणाखाली चारी बुजते, शेतरस्ता अडतो, नाल्याचे तोंड बांधले जाते, आणि मागील पाच-दहा शेतकऱ्यांचे बागायत एका पावसाळ्यात जिरायत होऊन बसते. व्यवहार दोघांचा असतो व परिणाम दहा जणांवर होतो, हेच या वादाचे खरे मूळ आहे.

अशा प्रसंगी हातावर हात ठेवून बसू नये. शेताकडे जाणारी वाट किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. तेथे अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. तोंडी बोलण्यात व भाऊबंदांच्या मध्यस्थीत हे सहा महिने निघून जातात, असा अनुभव येतो. ग्रामसेवकांनी ही मुदत लोकांना आवर्जून सांगावी.

सातपुड्याच्या पायथ्याची जमीन

जमिनीचा वापर शेजाऱ्यावर कसा परिणाम करतो हे फडात डोळ्यांना दिसते. तापीच्या उत्तरेस, जळगाव जिल्ह्याच्या केळीच्या मुलखात, तो परिणाम जमिनीखाली घडतो व म्हणून लवकर कळत नाही.

रावेर, यावल व चोपडा तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे व वाळू यांचा एक पट्टा आहे. त्यास बझाडा पट्टा म्हणतात. सुकी, मोर, भोकर, अनेर या डोंगरातून उतरणाऱ्या नद्या व नाले या पट्ट्यावर आले की त्यांचे बरेचसे पाणी खाली मुरते. तेच पाणी पुढे तापीकडील खोल गाळाच्या जमिनीत पोहोचते व केळीच्या विहिरी आणि कूपनलिका भरते. वरवर पाहता हा पट्टा हलका, खडकाळ व म्हणून बिनकामाचा दिसतो. शेतीच्या वर्गवारीतही तो खालच्या वर्गात बसतो. खडीच्या खाणी, विटभट्ट्या व बांधकामे यांसाठी तीच जागा योग्य, असे कोणीही सहज म्हणेल. परंतु तेथील नाले बुजले व पृष्ठभाग कठीण झाला तर त्याचा हिशेब दहा-पंधरा किलोमीटर खाली असलेल्या केळीच्या बागेत चुकवावा लागतो.

जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच केळीच्या रावेर व यावल तालुक्यांची नोंद भूजलाच्या मोजणीत अतिउपसा झालेले तालुके म्हणून झालेली आहे. पुनर्भरणाची महत्त्वाकांक्षी योजना हाती घेण्यासाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनी १० मे २०२५ रोजी करार केला. ती योजना होईल तेव्हा होईल; तोवर पायथ्याचा पट्टा मोकळा ठेवणे गावांच्या हातात आहे. म्हणून हलकी जमीन बांधकामास व भारी जमीन शेतीस, एवढा साधा नियमही सर्वत्र लागू पडत नाही. जमीन पीक देते किंवा नाही यासोबत ती पाणी मुरवते किंवा नाही हेही पाहिले पाहिजे.

गायरान व डोंगर

गावाच्या सामाईक जमिनीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. गायरान कोणाच्याच नावावर नसते, म्हणून ते प्रथम मागितले जाते. शाळा, घरकुले, पाण्याची टाकी, अलीकडे कृषिपंपांसाठी सौर वीज केंद्रे, सर्वांची दृष्टी तिकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी राज्यांना आदेश दिले व महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी १२ जुलै रोजी गायरानाच्या वापरावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. दुसऱ्या बाजूस, कित्येक गावांत गायरानावर दोन-दोन पिढ्या राहत असलेली भूमिहीन कुटुंबे आहेत. त्यांना एका नोटिशीने उठवावे असे म्हणणाऱ्याने ती कुटुंबे कोठे जातील याचाही विचार केलेला असावा. ज्याच्या दोन शेळ्या गायरानावर जगतात व ज्याची झोपडी गायरानावर आहे, ते दोघेही बहुधा गावातील सर्वांत गरीब असतात.

डोंगराळ भागात एका गावाने हा प्रश्न स्वतः हाताळला. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने १९९० नंतरच्या काळात, चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने, आपल्या सभोवारचे चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखण्याचे ठरविले. कुऱ्हाड बंद, चराई बंद, नियम मोडणाऱ्यास दंड, राखणीची पाळी घरटी. हे नियम पाड्याच्या सभेत ठरले. जंगल वाढले, ओढे अधिक काळ वाहू लागले, आणि खालच्या भातखाचरांस व विहिरींस त्याचा लाभ झाला. श्री. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याची रीत मोठ्या बागायती गावास जशीच्या तशी लागू पडणार नाही. तेथे माणसे थोडी व स्वार्थ पुष्कळसे समान. तथापि पाड्याने नियम करण्यापूर्वी कोणत्या जमिनीचे पाणी कोठे जाते हे पाहिले, तेवढे कोणतेही गाव पाहू शकेल.

बोलण्याची वेळ

जमिनीविषयीची पुष्कळशी चर्चा वेळ टळल्यावर होते. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी औष्णिक वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याबद्दल वर्षानुवर्षे दाद मागितली. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतले व २८ जानेवारी रोजी त्यांचे निधन झाले. बागायत व झाडे यांच्या मूल्यांकनातील तफावत हा त्या तक्रारीचा गाभा होता. ही घटना खानदेश विसरणार नाही. संपादनाच्या वेळी होणाऱ्या संयुक्त मोजणीत विहीर, नळ, झाडे, पीक यांची जी नोंद होते तिच्यावरच पुढील सर्व हिशेब उभा राहतो. म्हणून रेल्वेमार्गाच्या आखणीत येणाऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या सातबारावरील पीकपाहणी आजच तपासून पाहावी. ज्या गटात पाच वर्षे केळी किंवा ऊस आहे आणि कागदावर जिरायत ज्वारी आहे, त्या गटाच्या मालकाने तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, विनाविलंब जावे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने बहुपीक बागायत जमीन शक्यतो घेऊ नये असे म्हटले आहे, परंतु रेल्वे, रस्ते, कालवे यांसारख्या सरळ रेषेत जाणाऱ्या कामांना ती अट लागू नाही. त्यामुळे अशा कामांत संपूर्ण विरोधापेक्षा मोऱ्या कोठे असाव्यात, चारीसाठी नळ किती रुंदीचा हवा, शेतरस्त्यास पूल मिळेल किंवा नाही, याविषयीची नेमकी मागणी अधिक फलदायी ठरते. आखणी कागदावर आहे तोवर मोरीची जागा सरकवता येते. भराव पडल्यावर ती सरकत नाही. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील जी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, तेथे संपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणे कायद्याने आवश्यक आहे, हेही लक्षात ठेवावे.

संपूर्ण क्षेत्राच्या नियोजनाबाबत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ साली झाला. प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना देण्यासाठी त्या कायद्याने चार महिन्यांची मुदत ठेवली. शहराच्या विकास योजनेस ही मुदत बरीच थोडी असते. मसुद्याच्या नकाशात हिरवा रंग शेतीस, पिवळा राहण्यास व जांभळा उद्योगास असा संकेत सामान्यतः असतो. तो समजून घेण्यास अर्धा तास पुरतो. तरीही बहुतेक हरकती आपला गट पिवळ्यात घ्यावा किंवा आपल्या गटावरील आरक्षण उठवावे, एवढ्याच मागणीच्या असतात. या पट्ट्यातून आमच्या गावचे पाणी येते, तो मोकळा ठेवावा, अशी हरकत क्वचितच कोणी घेतो. कारण तशी हरकत घेण्यास पुरावा लागतो व तो आयत्या वेळी मिळत नाही.

तो आधी तयार करणे हे ग्रामसेवक, कृषी सहायक व गावातील जाणत्या शेतकऱ्यांचे काम आहे. गावचा गटनकाशा मोठा करून चावडीवर लावावा. त्यावर काळी, मध्यम व मुरमाड जमीन निरनिराळ्या रंगांनी दाखवावी. खोली किती हे विहीर खणणाऱ्यांस ठाऊक असतेच. चालू व बुजलेल्या चाऱ्या, नाले, शेतरस्ते, बारमाही व उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी यांच्या खुणा कराव्यात. गायरान कोठे आहे व त्यावर आज काय आहे ते खरेखरे दाखवावे. गावठाण वाढवावयाचे झाल्यास घरांसाठी कोणती जागा देता येईल हेही त्याच नकाशावर ठरवावे. केवळ नकार देणाऱ्या गावाचे म्हणणे फारसे ऐकले जात नाही. या कामास मे महिना चांगला. शेतात काम कमी असते, नाले कोरडे असतात व म्हातारी माणसे सावलीस बसून जुन्या चाऱ्यांच्या जागा बिनचूक सांगतात.

नकाशा ग्रामसभेपुढे ठेवून त्याचा ठराव करावा व ठरावात गट क्रमांक लिहावेत. मसुदा जाहीर झाला की नकाशाची प्रत जोडून हरकत मुदतीत दाखल करावी, सुनावणीच्या दिवशी चारीच्या शेपटाचा एक तरी शेतकरी हजर राहील असे पाहावे, आणि पोच घेतलेली प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी.